टाचेपाशी बंद पडणारा कॉम्प्युटर

आत्याच्या जेवणाच्या टेबलावर तीन कॉम्प्युटर पोटं उघडी टाकून पडले होते. तिघांत मिळून चार हार्ड डिस्क, त्यातली एक खडखडणारी. रॅमच्या पाच पट्ट्या, तीन पॉवर सप्लाय आणि सहा पंखे. स्क्रू मात्र अकराच, स्टीलच्या वाटीत. बाकीचे कुठे गेले हे काकांना विचारायचं नाही, असं ठरलं होतं.

तिन्ही जुने, स्वस्तातले आणि एकाच मापाचे. काकांनी ते एकामागून एक घरी आणले, म्हणून नावंही तशीच पडली: थोरला, मधला, धाकटा. दुखणं तिघांचं एकच. आत्याचा विणकामाचा ऑनलाइन वर्ग सुरू झाला, की अर्ध्या तासात यांनी मान टाकलीच. गेल्या रविवारी तर मोज्याची टाच वळवायच्या ऐन वेळी पडदा काळा झाला. नऊ विद्यार्थिनींच्या हातात नऊ बिनटाचेचे मोजे राहिले. त्यातल्या एकीने सगळ्यांच्या वतीने कळवलं होतं, की उद्याच्या रविवारी टाच झाली नाही तर आम्ही दुसरीकडे शिकू.

नोकरी संपल्यावर आत्याने हा एकच उद्योग जिवापाड जपला होता. घरात विणण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. खुर्च्यांच्या पायांना मोजे होते, मिक्सरला कोट होता. त्या कोटाला भाची एकदा खदखदून हसली होती, आणि आत्या ते विसरली नव्हती.

भाचीची पद्धत ठरलेली: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी तिने मधल्याचा पॉवर सप्लाय थोरल्याला बसवला. तिच्यासमोर तो तासभर गुणी बाळासारखा चालला. ती घरी पोहोचते न पोहोचते तोच आत्याचा फोन आला, "गेला गं!" मग रॅम बदलली. चालला. "गेला गं!" डिस्क बदलली. "गेला गं!" शेवटी तिने सगळा संसारच उचलून धाकट्याच्या पेटीत मांडला, तरी तेच.

"लाजाळू आहे तो," काका पकड हातात धरून म्हणाले. "तुझ्यासमोर शहाणा, आमच्यासमोर नाटकं. आणि पोट एकाचं, डोकं दुसऱ्याचं. मूळचा आपण कोण, हे आता त्याचं त्यालाही सांगता येणार नाही."

"काका, पकड द्या."

"घे. मत फुकट आहे, तेही ठेव."

भाचीने धाकट्याचा मागचा पंखा सोडवला. जाळीत काहीतरी अडकलं होतं. तिने ते चिमटीत धरून उजेडात नेलं. हिरवे, मऊ तंतू. मग थोरल्याची जाळी पाहिली. हिरवे. मधल्याचीही हिरवी. ती खुर्चीवर टेकली. भाग सगळे बदलून झाले होते. बदललं नव्हतं ते फक्त घर.

"आत्या, ही लोकर कुठून आली?"

"मांजर असेल."

"आपल्याकडे मांजर कुठंय?"

"शेजारचं येतं."

"हिरवं मांजर?"

काका खोकले. आत्या उठली, कपाटाशी गेली आणि पाठमोरीच उभी राहिली. परतली तेव्हा तिच्या हातात पोपटी स्वेटर होता, चौकोनी. पुढे बटणासाठी काज, मागे वायरींसाठी एक बारीक बाही, छातीवर पिवळं बदक. बाकी सगळं गच्च विणलेलं.

"जो चालता असेल त्याला घालते," ती म्हणाली. "तू येणार म्हटलं की काढून ठेवायचे."

"आणि मी गेले की?"

"मग काय उघडा बसवू? नऊ जणी बघतात गं! विणकामाची बाई, आणि तिच्याच कॉम्प्युटरच्या अंगावर धड कपडा नाही!"

भाची हसली नाही. त्यासाठी तिला गाल आतून चावावा लागला. काका पाणी प्यायला म्हणून आत गेले, आणि आतून पेला पडल्याचा आवाज आला.

तिने धाकट्याची पेटी बंद केली, त्याला स्वेटर घातला, कॅमेरा सुरू केला आणि पडद्याच्या कोपऱ्यात तापमानाचा आकडा लावला. काका परतले, आणि तिघं आकड्याकडे बघत बसली. साठ. त्र्याहत्तर. अठ्ठ्याऐंशी. पडदा काळा झाला, पंखे थांबले, बदकासकट सगळं गप्प.

"ताप येतो गं त्याला," भाची म्हणाली. "हा पाठीने श्वास सोडतो."

आत्याने स्वेटर उतरवून पेटीला हात लावला आणि चटकन मागे घेतला. "अगं बाई! आणि मी मेली त्याला दुपदरी घातला!"

संध्याकाळी तिने बसून अख्खी पाठ उसवली. काकांनी खिशातून मूठभर स्क्रू काढून वाटीत टाकले. कुणी काही विचारलं नाही.

रविवारी धाकटा पाठ उघडी टाकून, बदक पुढे काढून कॅमेऱ्यासमोर मिरवत बसला. भाची कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर, स्टुलावर, नजर कोपऱ्यातल्या आकड्यावर. अर्धा तास सरला तेव्हा आत्याच्या सुया एकदम थबकल्या. तिने पडद्याकडे पाहिलं. नऊही चेहरे जागच्या जागी होते.

"हं," आत्या म्हणाली, "आता टाच. घाई नको, बायांनो. वेळ आहे."

नववी टाच वळून झाली तेव्हा कोपऱ्यातला आकडा होता चोपन्न अंश.