पाहुण्यांच्या हस्ते पाणी

आमच्या मित्रमंडळाचं 'वाळवंटात उष्माघात कसा टाळावा' हे शिबिर मुलुंडमागच्या टेकडीवर यशस्वी झालं आणि टेकडी जळाली. टेकडी जळाली हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. मंडळाच्या अहवालात ते नाही, म्हणजे तसं काही घडलेलंच नाही. तर, शिबिर.

मंडळाची सहल मे अखेरीस राजस्थानात वाळूतून पायी चालायला जाणार होती. मे का, तर तेव्हा तिथे कुणी जात नाही, त्यामुळे हॉटेलं स्वस्त. कुणी का जात नाही, हा प्रश्न सभेत कुणाला सुचला नाही. मात्र सराव हवा, म्हणून भर दुपारी टेकडी चढायचं ठरलं. माझी शकुमावशीही निघाली. साठी उलटलेली, मालवण आणि मुलुंड सोडून काही पाहिलेलं नाही, आणि तिला उंटावर बसायचं होतं.

माथ्यावर झाड एकही नाही, सुकलेलं गवत मात्र कमरेएवढं. पाण्याच्या बाटल्या आधीच पोचल्या होत्या, पण खोक्यांना रिबीन बांधलेली. त्या प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते वाटायच्या होत्या. "घरून पाणी आणू नका, इथे मिळणार आहे," असा मेसेज सेक्रेटरी विद्याधरनेच ग्रुपवर टाकला होता. पाहुणे घाटकोपरला होते. तासाभराने पुन्हा फोन केला, तर अजून घाटकोपरलाच.

"विद्या, एक बाटली दे रे. मावशीला बरं वाटत नाहीये."

"पाच मिनिटं थांब ना यार. रिबीन कापायचा फोटो आहे. आधीच कापली तर पाहुणे काय दातांनी तोडणार?"

इतक्यात मावशीने माझा हात धरला. "अहो, गाडी चुकतली."

मावशीचे 'अहो' जाऊन बरीच वर्षं झाली. तिचा घाम थांबला होता आणि अंगाला हात लावला तर चटका बसत होता. घाम थांबणं आणि असंबद्ध बोलणं ही धोक्याची लक्षणं असल्याचं तिच्या मागच्याच फ्लेक्सवर चार रंगांत छापलं होतं.

त्याच वेळी खजिनदार चंद्रप्रकाश नारळासमोर कापूर पेटवून बघत होता. रंगीत तालीम. वारा आला, पेटती वडी तबकातून उडाली आणि गवतात पडली. पुढचं घडलेलं नाही. न घडलेल्या गोष्टीचा धूर मात्र खूप होता. सगळे पळाले. चंद्रप्रकाशही तबक घेऊन पळाला, सवयीने नसलेल्या ज्योतीवर हात धरून.

मी रिबीन तोडली.

"अरे, उद्घाटन व्हायचंय!" विद्याधर पळता पळता ओरडला.

मी मावशीला आणि एका खोक्याला उघड्या कातळावर ओढून नेलं, कारण दगड पेटत नाही. तिच्यावर फ्लेक्सची सावली केली आणि मानेवर, डोक्यावर, काखेत एकेक बाटली रिकामी करत राहिलो. पलीकडे गवत तडतडत होतं. मावशी मला "अहो" म्हणत होती आणि मी "हो गं, गाडी लेट आहे," म्हणत होतो. कातळापाशी येऊन आग थांबली. मग चौघे जण परत आले आणि आम्ही तिला उचलून खाली रिक्षात घातलं.

हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर चालला नसता. विद्याधर म्हणाला, पाहुणे भांडुपला पोचलेत.

दुसऱ्या दिवशी मावशीने मला माझ्या नावाने हाक मारली, वर "मेल्या" जोडून. मी तिला पुन्हा एकदा हाक मारायला लावली. तेवढ्यात वॉर्डात पाहुणे आले. मागे विद्याधर, फोटोग्राफर, आणि नव्या रिबिनीत बांधलेली एक बाटली. पाहुण्यांनी रिबीन कापली, शेजारच्या सलाइनवाल्याने टाळी वाजवली. मावशीने बाटलीकडे बघितलं, मग विद्याधरकडे.

"रे विद्याधरा, मी मेलंय तरी अग्नी पावण्यांच्याच हातान देतलास काय?"

विद्याधरने विचार केला. खरंच केला.

परवा मला मंडळाची नोटीस आली: उद्घाटनापूर्वी बाटल्या वापरल्याबद्दल खुलासा करावा. आगीचा उल्लेख अर्थातच नाही. मी खुलासा पाठवला, तो असा:

मा. सेक्रेटरी, स. न. वि. वि. बाटल्या मीच वापरल्या. तरी श्रीमती शकु या मंडळाच्या कार्यक्रमात पुन्हा असंबद्ध बोलू लागल्यास, त्यांना शुद्धीवर आणण्याचा समारंभ प्रमुख पाहुण्यांच्या अनुपस्थितीत, रिबिनीशिवाय, कुणाही उपस्थिताच्या हस्ते उरकण्यास मंडळाने कायमस्वरूपी लेखी परवानगी द्यावी, ही नम्र विनंती.