पिकअपच्या डाव्या अंगाचा पॉइंट

मी एक जुना प्लग पॉइंट आहे. मित्रांनो, भिंतीवरचा नव्हे. भिंतीवरच्यांचे काय, डोक्यावर छप्पर आणि समोर पंखा! मी एका पिकअप गाडीच्या डाव्या अंगाला, मागच्या चाकाच्या वर, पत्र्यात बसवलेला आहे. ऊन, पाऊस, धूळ, चिखल सगळे अंगावर घेतो. माझ्या तोंडावर स्प्रिंगचे झाकण आहे आणि त्याच्या कडेने रबर आहे. या गाडीला उजव्या अंगालाही असाच एक पॉइंट आहे. तो माझा जुळा भाऊ. आम्ही एकाच खोक्यातून आलो, पण मध्ये अख्खी गाडी असल्यामुळे बसवल्या दिवसापासून आम्ही एकमेकांचे तोंड पाहिलेले नाही.

गाडी दोन भावांची होती. दोघेही सुतार. थोरला मापाचा पक्का, बोलायला कडक आणि राग नेहमी नाकाच्या शेंड्यावर. धाकटा त्याच्याहून बारा वर्षांनी लहान. रंधा कसा धरायचा हे तो थोरल्याकडूनच शिकला, पण त्याचा खरा जीव वायरी आणि स्विचांत. नव्या घरांना दारे आणि कपाटे बसवण्याची कामे ते घेत. अशा घरात बहुतेक वेळा विजेचे मीटर आलेलेच नसते. मग शेजारच्या दारात जाऊन "जरा प्लग मिळेल का?" असे विचारावे लागे. कुणी हो म्हणे, कुणी दारामागूनच मान हलवी. एका आजींनी तर यंत्राच्या आवाजाने आपली दुपारची झोप मोडली म्हणून अर्ध्या कापात वायर उपटली होती.

"दादा, आपली वीज आपण आपल्या गाडीतच ठेवू," त्या दिवशी धाकटा म्हणाला.

"गाडी आहे ती, घर नाही," थोरल्याने त्याला उडवून लावले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानेच गाडी धुऊन सावलीत उभी केली.

धाकट्याने सीटच्या मागे इन्व्हर्टर बसवला. गाडीच्या बॅटरीची वीज घरातल्या विजेसारखी करून देणारा हा डबा. मग त्याने पत्र्याला भोक पाडले, कानशीने कडा घासल्या, उघड्या पत्र्याला गंज चढू नये म्हणून लाल प्रायमर लावला आणि मला स्क्रूंनी आवळून बसवले. माझ्या तळाशी तांदळाच्या दाण्याएवढे एक भोक आहे. ते कारखान्यातूनच ठेवलेले असते. झाकण कितीही घट्ट असले तरी गरम-गार हवेने आत ओल धरतेच, आणि ते पाणी त्या भोकातून गळून जाते. भोक बरोबर खाली येईल असे बघूनच धाकट्याने मला बसवले. मात्र ते कशासाठी आहे हे थोरल्याला सांगायचे त्याच्याकडून राहून गेले.

ती पहिली तीन वर्षे माझ्या आयुष्यातली सोन्यासारखी वर्षे होती. डावीकडे थोरला माझ्यात करवतीचा प्लग लावी, उजवीकडे धाकटा माझ्या भावात घासकामाचे यंत्र लावी. आम्ही दोघे एकाच वायरीवर होतो. धाकट्याने यंत्र लाकडावर दाबले की वायरीतली विजेची ओढ मला इकडे कळायची. तेवढीच काय ती आमची भेट. येणारेजाणारे थांबून आम्हाला बघत. एका प्लंबरने तर आपल्या गाडीलाही असेच करून घ्यायचे म्हणून माझा फोटो काढला. मी तेव्हा जरा फुगलो होतो, हे कबूल करतो. संध्याकाळी थोरला मला कोरड्या फडक्याने पुसायचा. त्याची बायको, जिला धाकटा वहिनी म्हणायचा, ती दारातून म्हणायची, "माझ्याकडे बघायला वेळ नाही, आणि त्या डबीची रोज आंघोळ चाललीय."

आता पुढचे सांगताना मला अजून जड जाते.

सुताराला फट दिसली की त्याचे हात शिवशिवतात. लाकडातली फट म्हणजे कामातला दोष. भुसा आणि गोंद कालवायचा, फट भरायची, वरून पॉलिश मारायचे, की काम चोख. थोरल्याने जन्मभर हेच केलेले. पावसाळ्याच्या तोंडावर एका सकाळी मला पुसताना त्याच्या बोटाला माझ्या तळाचे भोक लागले. "अरेच्चा, इथून पाणी शिरेल की," तो स्वतःशीच म्हणाला. त्याने सिलिकॉनची ट्यूब आणली, भोक भरले आणि ओल्या अंगठ्याने वरून गुळगुळीत केले. त्याच्या अंगठ्यावर पटाशी लागल्याची जुनी आडवी खूण आहे. ती त्या सिलिकॉनमध्ये जशीच्या तशी उमटली. उजवीकडचे भोकही तो भरणारच होता, पण ट्यूब संपली. अति तेथे माती म्हणतात. ती माती माझ्या एकट्याच्या वाट्याला आली.

महिनाभर माझ्या पोटात थेंब थेंब पाणी साठत राहिले. मी काय करणार? मला तोंड आहे, पण बोलता येत नाही.

त्या दिवशी एका घराचे शेवटचे दार राहिले होते. घरमालकीण बाई समोरच उभ्या होत्या, कारण दुसऱ्या दिवशी त्यांचे सामान यायचे होते. थोरल्याने करवत चालू केली. दार अर्धे कापून झाले असेल, तेवढ्यात माझ्या आतले पाणी तारांना भिडले आणि वीज करवतीच्या लोखंडी अंगात उतरली. थोरल्याला झटका बसला, त्याचा हात उडाला, करवत तिरकी गेली आणि तयार होत आलेल्या दाराला वीतभर खाच पडली. इन्व्हर्टरने लगेच वीज तोडली म्हणून तो वाचला.

धाकटा गाडीला वळसा घालून धावत आला. "दादा, लागलं का? हात बघू."

थोरल्याने हात झटकला. भीती वाटली की काही माणसे रडतात, हा ओरडायचा. "तुझ्या कच्च्या वायरिंगने आज माझा जीव घेतला असता! मोठा वायरमन झालाय!"

"याला काम म्हणतात का?" बाई म्हणाल्या. "उद्या आम्ही राहायला येणार, आणि दाराची ही दशा?"

धाकट्याने स्क्रू काढून मला उघडले. आतले पाणी त्याने पाहिले. मग त्याचे बोट खाली गेले आणि त्या भरलेल्या भोकावर, अंगठ्याच्या त्या खुणेवर थांबले. मित्रांनो, मला वाटले, आता हा बोलणार. पण त्याने एकदा बाईंकडे पाहिले, एकदा भावाकडे पाहिले आणि मिठाची गुळणी धरल्यासारखा तो गप्प राहिला. माझी तार त्याने सोडवून बाजूला केली आणि झाकण पुन्हा लावून टाकले.

"डावीकडचा बंद ठेव, दादा. उजवीकडचा चांगला आहे," एवढेच तो म्हणाला.

"तू मला शिकवू नकोस. उद्यापासून येऊ नकोस कामावर."

धाकट्याने आपली हत्यारांची पिशवी उचलली आणि तो चालत गेला. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती ही. आणि चोर कोण हे ठाऊक असलेला मी, गाडीच्या पत्र्यात गच्च बसलेला.

त्यानंतर मी एकटा पडलो. तार सुटल्यामुळे भावाची ओढही आता कळेना. थोरला उजवीकडे काम करायचा. त्याच्या करवतीचा आवाज मला पत्र्यातून ऐकू यायचा, लांबून आल्यासारखा. माझ्याकडे कुणी फिरकेना. फडके आता फक्त उजवीकडे फिरायचे. माझ्या झाकणाच्या बिजागरीत भुसा बसला, रबराला चिरा गेल्या, एका कोळ्याने झाकणाखाली घर केले. तो कोळी तरी होता सोबतीला. पुढच्या उन्हाळ्यात तोही गेला.

थोरलाही एकटाच होता. लांब फळी कापताना दुसरे टोक धरायला कुणी नसायचे, म्हणून तो विटांची चळत लावायचा. कधी कधी माप घेताना तो सवयीने म्हणायचा, "धर रे जरा," आणि मग टेप जमिनीवर ठेवून स्वतःच पलीकडे जायचा. वहिनी अधूनमधून विषय काढायची.

"भाऊजींना एक फोन करा ना."

"मी का करू? मोठा मी आहे."

"म्हणून तर म्हणतेय."

यावर तो फडके उचलून उजवीकडे निघून जायचा. मी मात्र रोज मनात म्हणायचो, बाबा रे, मला एकदा उघड. उत्तर माझ्या पोटात आहे. पण जी गोष्ट आपल्या मते ठरून गेली, ती उघडून कोण बघतो?

अशी सहा वर्षे गेली. यंदाच्या पावसाळ्यात उजवीकडच्या भावाच्या झाकणाची स्प्रिंग तुटली. थोरला स्क्रूड्रायव्हर घेऊन माझ्याकडे आला. माझे झाकण काढून भावाला लावायचे, असा त्याचा विचार होता. खरे सांगतो, मला वाईट वाटले. सहा वर्षांनी माणूस जवळ आला तो माझे झाकण न्यायला.

गंजलेले स्क्रू कुरकुरत निघाले. झाकणाबरोबर मीही थोडा पुढे आलो आणि माझ्या पोटातले पाणी थोरल्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळले. तो थबकला. त्याने आत पाहिले. माझी पितळेची टोके हिरवी पडली होती. हे पाणी बाहेर का गेले नाही, म्हणून त्याने मला खालून चाचपले. त्याला सिलिकॉनची गोळी लागली. त्याने ती टोचणीने उपसून तळहातावर घेतली. तिच्यावरची आडवी खूण त्याने पाहिली आणि मग कितीतरी वेळ आपला अंगठा पाहत राहिला.

त्याचे हात ओले होते. त्याने फोन गाडीच्या काठावर ठेवला आणि स्पीकर लावला.

"हॅलो," पलीकडून आवाज आला. मी तो लगेच ओळखला.

"मी बोलतोय."

"बोल दादा."

"तो डावीकडचा पॉइंट आज उघडला." थोरला म्हणाला. "खालचं भोक मीच बुजवलं होतं रे."

"माहीत आहे. मी त्याच दिवशी बघितलं."

"मग बोलला का नाहीस?"

"त्या बाई समोर होत्या. गिऱ्हाइकासमोर तुला खाली बघायला लावू? घरी येऊन सांगणार होतो. पण तू येऊच नकोस म्हणालास. मग म्हटलं, दादा एकदा तरी उघडून बघेलच. आज बघेल, उद्या बघेल."

थोरल्याने गाडीच्या पत्र्यावर हात टेकवला.

"चूक माझीही आहे," धाकटा म्हणाला. "भोक कशाला आहे ते मी सांगायला हवं होतं."

रविवारी धाकटा आला. कानाजवळ त्याचे केस पांढरे झाले होते. त्याने माझी टोके बदलली, भोक मोकळे केले, तार जोडली आणि माझ्या भावालाही नवी स्प्रिंग बसवली. वहिनी चहाचे कप घेऊन गाडीपाशीच आली आणि डोळे पुसत त्याला रागावली, "फोन तुम्हालाही करता आला असता की, भाऊजी." तो मान खाली घालून हसला. चहा पिताना थोरल्याने हळूच विचारले, "परत येतोस का कामावर?"

"माझं दुकान आहे आता, दादा. दोन माणसं आहेत हाताखाली. त्यांना सोडून कसा येऊ?"

"हो, हो. बरोबर आहे. चांगलं झालं," थोरला म्हणाला आणि रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला.

तेव्हापासून माझ्यात पुन्हा वीज आहे. दोघे भाऊ फोनवर बोलतात, सुट्टीला भेटतात. पण गाडीला पॉइंट दोन आणि सुतार एक. थोरला एक दिवस माझ्यात प्लग लावतो, एक दिवस उजवीकडच्या भावात, म्हणजे कुणीच पडून राहायला नको. फडकेही दोन्हीकडे फिरते. लांब फळीखाली मात्र अजून विटाच असतात.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तूंना पुसा, उन्हापावसात जपा. पण एखादी बंद पडली तर आधी ती उघडून बघा आणि मगच कुणाला बोल लावा. मला उघडायला थोरल्याला पाच मिनिटे लागली. त्या पाच मिनिटांची धाकट्याने सहा वर्षे वाट पाहिली होती.