लवणत्यागाचे व्रत

ब्याण्णव सालच्या चातुर्मासात एकनाथरावांनी लवणत्यागाचे व्रत घेतले, ते डॉक्टरांच्या धाकाने. परंतु घेतले मात्र हातावर पाणी घेऊन संकल्प करून, यथाविधी. ज्येष्ठात त्यांची वाचा अर्धी घटका बंद पडली होती. ज्या मुखाने आयुष्यभर विद्यार्थ्यांकडून आयुर्वेदाच्या संहिता घोकून घेतल्या, त्यातून पत्नीचे नावही उमटेना. वाचा परतली, भय मात्र सत्यवतीबाईंच्या उरी ठाण मांडून बसले.

व्रताला सव्वा महिना लोटला, तरी रक्तदाब उतरेना. हिमायतनगरच्या डॉक्टरांनी दंडावरचा पट्टा सोडला आणि मान हलवली. "पंडितजी, नमक चालू है. जबान एक दफा वापस आ गई. अगली बार नक्को बोलेगी."

विद्यानगरला घरी पोहोचताच शिवराजने आईला स्वयंपाकघरात गाठले. नव्या परदेशी कंपनीत लागलेला हा मुलगा आज रजा काढून सोबत आला होता.

"आई, खरं सांग. बाबांची दया येऊन तू मीठ टाकायलीस ना?"

"देवाला नैवेद्य दाखवते रे त्यातलाच. खोटं बोलेन का?"

"मग प्रेशर काय आभाळातून चढायलंय?"

 दुपारी वाढताना सत्यवतीबाईंची दृष्टी प्रथमच पतीच्या हातावर खिळली. एकनाथराव समुद्राचे मीठ वर्ज्य करून पानाशेजारी सैंधवाची डबी ठेवीत. उपवासाला चालते ते व्रताला का चालू नये? वरणावर चिमूट, भाजीवर चिमूट, ताकात दोन. एकादशीला काठोकाठ भरलेल्या डबीचा आज पंचमीला तळ दिसत होता. घरात कोणीही, खुद्द त्यांनीही, ते मीठ म्हणून मोजलेच नव्हते.

पतीच्या शास्त्राला त्यांनी आजवर प्रश्न विचारला नव्हता. आज त्यांनी डबीवर तळहात ठेवला.

"हात काढ. व्रत आहे."

"अहो, हेही मीठच आहे."

"सैंधव पवित्र असते. पोथी आम्ही वाचतो की तू?"

शिवराजचा घास हातातच राहिला. सत्यवतीबाईंचा हात हलला नाही.

"तुम्हीच वाचता. पोरांकडून पाच लवणं घोकून घेता, ती मी आतून ऐकते. त्यात पहिलं नाव कुणाचं?"

एकनाथरावांनी तोंड उघडले. ओठ हलले, शब्द येईना.  शिवराज पानावरून अर्धा उठला. "बाबा?"

"सैंधवाचे," ते अखेर पुटपुटले. "बस खाली. वाचा शाबूत आहे. लाज वाटली, इतकेच."

मग त्यांनी अळणी वरणभाताचा घास घेतला, चावला आणि औषधासारखा गिळला.

"लिंबू वाढ," ते म्हणाले. "फोड नको. सबंध वाढ."

लिंबू आणायला उठताना सत्यवतीबाई डबीही सोबत घेऊन गेल्या.