उलट्या पेल्याखाली

मित्रांनो, मी एक जुना फासा आहे. वीस बाजूंचा, हिरवट अकीकाचा. आधीच सांगून ठेवतो, माझ्यात नशीब वगैरे काही नाही. मी दगड आहे आणि मला फक्त पडता येतं. आयुष्यभर मनातल्या मनात हेच सांगत आलो आणि आता त्याचाही कंटाळा आला आहे.

मला घडवलं मामाने. अंगठ्यांचे खडे घासायच्या कारखान्यात तो कामाला होता. उरलेला एक दगड त्याने भाचरांसाठी फिरत्या चाकावर धरला आणि एकेक पैलू पाडत गेला. टाकीचे घाव सोसले की देवपण येतं म्हणतात. माझ्या वाट्याला फासेपण आलं. शेवटची बाजू घासताना माझा कोपरा उडता उडता राहिला, तेव्हा मामा जे बोलला ते तुमच्यासमोर सांगण्यासारखं नाही. मला बहिणीच्या हातात देताना मात्र तो हळू बोलला. "दगड असला तरी नाजूक आहे गं. उघड्या टेबलावर टाकू देऊ नकोस पोरांना, टवका उडेल."

ती बहीण म्हणजे या घरातली आई. ती घरीच लोकांचे कपडे इस्त्री करून द्यायची. दादा, ताई आणि धाकटी ही तिची तीन मुलं. खेळ शिकून आला दादा. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि कठीण प्रसंग आला की फासा टाकायचा. मोठा आकडा पडला तर निभावलं, छोटा पडला तर बोंब. गोष्ट सांगायचं काम आईकडे गेलं, कारण तिचे हात कामात असले तरी तोंड मोकळं होतं.

इस्त्रीच्या टेबलावर जुनं ब्लँकेट अंथरलेलं असायचं. त्यावर जळकटलेले डाग होते. लहान डाग म्हणजे तळं, मोठा डाग म्हणजे चेटकिणीचं बेट. दादा तलवारवाला सरदार, ताई तिरंदाज, आणि धाकटी कुणालाही न दिसणारी चोर. कुणी भिंतीवरून उडी मारायची ठरवली की आई शर्टाची कॉलर दाबत विचारायची, "किती हवेत?" मग आपणच सांगायची, "बारा हवेत. टाका." मी ब्लँकेटवर लोळत जायचो आणि सगळे श्वास रोखून माझ्याकडे बघायचे.

वीस पडले की मुलं माझे मुके घ्यायची. पण वीस वर आला की माझा एक पोटाखाली दबलेला असतो, हे कोण बघतो? तो वर आला की माझी खैर नसे. दुबळी चाल खेळायची स्वतः आणि खापर माझ्या माथी! नाचता येईना अंगण वाकडं. पाणी शिंपडायचा काचेचा पेला रिकामा करून मुलं तो माझ्यावर उलटा घालायची. तो माझा तुरुंग. "बस आत. अक्कल येईपर्यंत बस," असं ताई मला बजावायची. खरं सांगतो, शिक्षेइतकंच ते मुके घेणंही दमवायचं.

मग एका संध्याकाळी दादाला पाच हवे होते आणि पडला एक. त्याचा सरदार चेटकिणीच्या बेटावर मेला. दादाने मला फळीवर ठेवलं, वर पेला उलटा घातला आणि दुसऱ्या गावी नोकरीला निघून गेला. पुढे ताई गेली, धाकटीही गेली. माझी शिक्षा माफ करायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. आईला वाटे, मुलं येतील आणि तीच सोडवतील. ती नुसती पेल्यावरची धूळ पुसायची. वर्षं गेली. तिचे हात कापू लागले, इस्त्री सुटली, आणि एक दिवस न्हाणीत पाय घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं.

आता तिला एकटीने राहणं शक्य नव्हतं. तिघं जमली. आई आतल्या खोलीत पडून होती आणि दार उघडंच होतं.

"माझ्याकडे तीन जिने चढावे लागतात," दादा म्हणाला.

"माझी कामाची पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची. तिच्याजवळ कोण थांबणार?" ताई म्हणाली.

"माझी तर एकच खोली आहे," धाकटी म्हणाली.

तिघांचंही खरं होतं, म्हणूनच काही ठरेना. शेवटी दादाची नजर फळीवर गेली. त्याने पेला उचलला. इतक्या वर्षांनी वारा लागला म्हणून मला बरं वाटलं, ते त्याचं पुढचं वाक्य ऐकेपर्यंतच.

"फासा टाकू. ज्याचा आकडा सगळ्यात कमी, त्याच्याकडे आई."

मित्रांनो, कमी आकडा म्हणजे हार. एवढं तर या घरात मलासुद्धा ठाऊक होतं. हरेल त्याला आई मिळणार होती. माझ्यावर आजवर पुष्कळ आळ आले, पण एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

दादाने मला इस्त्रीच्या टेबलाच्या उघड्या लाकडावर टाकलं. वीसच्या कोपऱ्याचा टवका उडाला. चौदा पडले. ताईने टाकलं, नऊ पडले. धाकटीने मला मुठीत घेतलं.

तेवढ्यात आतून आवाज आला. "अरे, ब्लँकेट तरी घाला खाली."

वॉकर टेकत आई दारात आली. तिने तिघांकडे पाहिलं, टेबलावरचा हिरवा टवका पाहिला, आणि पूर्वीसारखंच विचारलं, "किती हवेत?"

दादा खिडकीबाहेर बघू लागला. आईने पुन्हा विचारलं नाही. तिने सगळं ऐकलं होतं, हे मला तिच्या खाली गेलेल्या मानेवरून कळलं.

धाकटीने मूठ उघडून मला हळूच खाली ठेवलं. "मी नाही टाकत," ती म्हणाली. "आई, माझ्याकडे येशील का गं?"

एवढा वेळ हा प्रश्न आईला कुणी विचारलाच नव्हता.

आई खुर्चीत बसली. बराच वेळ हाताने टेबल चाचपत राहिली. मग म्हणाली, "तुझ्या खोलीत हे टेबल मावेल?"

"नाही मावणार."

"मग ब्लँकेट घे बरोबर. आणि याला पण घे. बिचारा उगाच अडकून पडला होता."

आता मी त्या एका खोलीत राहतो. जागा कमी आहे, चिडचिड होते, धाकटी दमते, आईही दमते. सुट्टीच्या दिवशी दादा आणि ताई येऊन आईजवळ थांबतात, म्हणजे धाकटीला जरा झोप मिळते. मग पलंगावर ब्लँकेट पसरलं जातं.

मला जपा अशी विनवणी मी करणार नाही. टवका उडाला तरी माझं काही अडत नाही. पण जे माणसाला विचारायला हवं ते दगडाला विचारू नका. आणि कुणाला रागाने बाजूला ठेवलंत, तर त्याला परत घ्यायचं विसरू नका.

बाकी एक पडला की मला अजूनही पेल्याखाली जावं लागतं. पण खेळ संपला की आई कापऱ्या हाताने आठवणीने पेला उचलते.