टाकीच्या झाकणाची रिंग

“काका, मी तुम्हाला मान खाली घालायला लावली,” कुबडी भिंतीला टेकवत डॉक्टर म्हणाले. “तुम्ही एवढं जिवापाड जपलेलं विमान, आणि मी असं करून ठेवलं.”

मेकॅनिककाका हातातल्या फडक्याची उगाचच घडी करत राहिले. हा माणूस माफी मागायला आला होता, आणि तीही त्यांची! हँगरची फरशी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं काकांना झालं.

डॉक्टर दातांचे. चार आसनांचं जुनं विमान स्वतःचं, आणि सुट्टीच्या दिवशी ते उडवायचा भारी नाद. आठ महिन्यांपूर्वी मेहुण्याला हौसेनं वर नेलं आणि जमीन सोडताच इंजिन बंद पडलं, विमान कोसळून पेटलं. मेहुणा जागच्या जागी गेला. चौकशीचा अहवाल आता कुठे आला होता: पेट्रोलमध्ये पाणी होतं, उड्डाणापूर्वी ते काढून टाकण्यात वैमानिकानं हयगय केली असावी.

“मी तपासलं होतं हो. पेल्यात थोडं पेट्रोल काढून उजेडात धरलं होतं, स्वच्छ होतं. निदान मला तसं आठवतंय. आता माझाच माझ्यावर भरवसा नाही.” डॉक्टरांनी बाहेरच्या गाडीत बसलेल्या बायकोकडे पाहिलं. “भाऊ होता तिचा. घरात आठ महिन्यांत धड एक शब्द बोललेली नाही माझ्याशी. जाऊ दे. विमानाची वही तेवढी द्या, निघतो.”

काकांनी खण उघडला. वहीवर ती पुडी होती, बंदच्या बंद. आत बांगडीएवढी काळी रबरी रिंग.

बत्तीस वर्षं काकांची सही म्हणजे पक्कं काम. सही पाहून लोक डोळे मिटून उडायचे. काकांना त्याचा तोरा होता, नाही कशाला म्हणा! फक्त एक खोड होती. वार्षिक तपासणीची वही ते एका बैठकीत, चहाबरोबर, पुरी लिहून टाकायचे. उरलंसुरलं काम मागाहून. ते कधी राहिलंच नव्हतं. अपघाताआधीच्या तपासणीत डॉक्टरांच्या विमानाच्या उजव्या पेट्रोल-टाकीच्या झाकणाची रिंग तडकलेली होती, नवी यायची होती. काकांनी ‘बदलली’ असं लिहिलं. चार दिवसांनी रिंग आली, खणात पडली. उद्या बसवू म्हणता म्हणता तीन दिवस पाऊस कोसळला आणि विमान उघड्यावर उभं होतं. तडकलेल्या रिंगमधून पाणी आत झिरपलं. टाकीत रबरी पिशवी असते. तिच्या सुरकुतीत ते अडून बसलं असणार. तिथलं पाणी पेल्यात उतरत नाही. विमानानं नाक वर केलं की एकदम इंजिनात जातं.

झाकण आगीत जळालं होतं. रिंग बदलली होती का, असं चौकशीवाल्यांनी विचारलं तेव्हा काका म्हणाले, “वहीत आहे ना.” तेवढंच. ते तीन शब्द त्यांना अजून जेवू देत नव्हते.

आताही त्यांच्या हातानं पुडी बाजूला सारली आणि वही तेवढी उचलून दिली. हात आपला असूनही त्यांना त्याची किळस आली.

डॉक्टरांनी पान उलटलं, अक्षरावरून बोट फिरवलं. “काय अक्षर तुमचं, छापल्यासारखं! तुम्ही सगळं चोख केलंत, काका. माती मी खाल्ली.”

“नाही,” काका म्हणाले. त्यांनी खणातली पुडी काढून वहीवर ठेवली.

डॉक्टरांनी पुडी पाहिली. वहीतली ओळ पाहिली. पुन्हा पुडी पाहिली.

“म्हणजे… मी पाणी तपासलं होतं?”

“तपासलं होतंत. तुमचं काही चुकलं नाही.”

डॉक्टर स्टुलावर बसले. काका शिव्यांची वाट पाहत होते; एखादी मिळाली असती तर बरं वाटलं असतं.

“मी सांगितलं तर तिला पटायचं नाही,” डॉक्टर मान वर न करता म्हणाले.

काकांनी पुडी घेतली. बाहेर आले. गाडीपर्यंत वीस पावलं असतील. त्यांना ती सरता सरेनात. त्यांनी काचेवर टकटक केली. काच खाली आली.

“कोण तुम्ही?”

“मी मेकॅनिक, ताई. विमानाच्या वहीत खोटं लिहिलंय. लिहिणारा मी.” त्यांनी पुडी पुढे केली आणि राहिलेलं सगळं सांगितलं, ‘वहीत आहे ना’पर्यंत.

त्यांच्या खांद्यावरून ती हँगरच्या दाराकडे बघत होती. तिथे कुबडी घ्यायची विसरून, चौकटीला धरून नवरा उभा होता. ती दार उघडून तिकडे धावली. पुडी हातात धरून काका गाडीपाशी उभे राहिले.