दोन टेबलांमधले निरोप

सामन्याआधी खेळाडूंचे घोटे टेपने बांधणं हे माझं काम. निरोप पोचवण्याचं कुणी सांगितलं नव्हतं, पण यंदाच्या हंगामात तेही माझ्या गळ्यात पडलं.

आमचा कप्तान आणि त्याचा धाकटा भाऊ शेजारशेजारच्या टेबलांवर पाय पसरून बसायचे आणि माझ्यामार्फत बोलायचे. "ताई, त्याला सांगा, आत घुसताना घाई करू नको म्हणावं." हातभर अंतरावरचा धाकटा छताकडे बघत म्हणायचा, "त्यांना सांगा, आधी बॉल वेळेवर द्यायला शिका म्हणावं." सख्खे भाऊ बरं का! गेल्या वर्षी धाकटा दुसऱ्या संघात होता. अंतिम सामन्यात शेवटची बास्केट मारून त्याने थोरल्याच्या तोंडचा चषक पळवला आणि वर मिठी मारायला गेला. थोरला सगळ्यांसमोर म्हणाला, "मला पुन्हा दादा म्हणू नकोस." आणि यंदा मालकांनी नेमका त्यालाच आमच्याकडे आणला. घ्या!

बाकीचे खेळाडू बॉल हवा असला की घसा फोडून ओरडतात. धाकटा मोकळा उभा राहायचा, पण तोंडातून ब्र काढायचा नाही. हाक मारणार तरी काय म्हणून? पाठीमागे असला की थोरल्याला तो दिसायचा नाही आणि हातातले सामने जायचे. कोच कपाळाला हात लावायचे. तरी पठ्ठे असे काही खेळले की रडतखडत सुरुवात करून आम्ही थेट अंतिम सामन्यात धडकलो. थोरल्याचा गुडघा पार कामातून गेला होता. हा त्याचा शेवटचा सामना होता, आणि चषकाला त्याचा हात अजून एकदाही लागला नव्हता.

शेवटचे काही सेकंद. आम्ही एका गुणाने मागे. बॉल थोरल्याकडे, पण बास्केटकडे त्याची पाठ आणि अंगावर दोन धिप्पाड गडी. गुडघा लटपटतोय. आणि धाकटा त्याच्या मागे, बास्केटखाली अगदी मोकळा! मी बाकावर चढून किंचाळले, "अरे, बोल की मेल्या!"

"दादा!"

एवढ्या गोंगाटातही ती हाक मला ऐकू आली. थोरल्याने वळून पाहिलंसुद्धा नाही. बॉल सरळ डोक्यावरून मागे फेकला. धाकट्याने तो हवेतच झेलला आणि जाळीत घातला. भोंगा वाजला. जिंकलो! अहो, जिंकलो! कोचनी मला मिठी मारली, मी कुणाकुणाला मारली ते देवच जाणे. रडू काही आवरत नव्हतं.

नंतर आत थोरला टेबलावर बसला होता, गुडघ्यावर बर्फ, मांडीवर चषक. शेजारच्या टेबलावर धाकटा.

"ताई, त्याला विचारा, मगाशी काय ओरडला."

"तुमच्या तोंडाला काय झालंय?" मी म्हटलं. "माझी ड्यूटी संपली."

थोरल्याने कधी नव्हे ते शेजारी पाहिलं. "काय ओरडलास रे?"

"ऐकू आलं की तुला."

"आलं. परत म्हण."