कुलूपबंद खोलीतला पाहुणा

देवाचं नाव घ्यायला बंदी घालणाऱ्या देवबंदी खात्याच्या विश्रामगृहात धाकटी चादरी धुवायची. धाकटी हे नाव तिच्या दादाने पाडलेलं, तेच सगळ्यांच्या तोंडी बसलं. दादा आता तुरुंगात होता. सरकारने प्रत्येकाच्या घशात बसवलेल्या चकतीने त्याचं झोपेतलं पुटपुटणं पकडलं. देवाचा धावा केला, एवढाच गुन्हा.

एका दुपारी मुकादमबाईने कोपऱ्यातल्या खोलीचं कुलूप काढून तिला आत ढकललं. "चादर बदल आणि तोंड बंद ठेव."

आत नासक्या दुधाचा वास कोंदला होता. पलंगावर एक अवाढव्य, चिकट देह हाड चोखत लोळत होता. त्याच्या कातडीतून उजेड झिरपत होता आणि झिरपेल तिथे चादर पिवळी पडत होती.

"तुझा भाऊ रोज हाक मारतो मला," तो देह म्हणाला. "आवाज गोड आहे त्याचा."

धाकटीने विचारलं, "तुम्हाला ऐकू येतं?"

"सगळं येतं."

"मग सोडवत का नाही त्याला?"

"इथे जेवण वेळेवर येतं. मी नाहीच, असं लिहून दिलंय यांना. आता शब्द कसा मोडू?" त्याने तिचा हात ओढून त्यावर ओशट बोट फिरवलं. धुण्याच्या सोड्याने पडलेल्या भेगा क्षणात बुजल्या. "झालं ना काम? आता ती उशी सरळ कर."

तिने उशी सरळ केली. मग मोरीत जाऊन भडाभडा ओकली आणि हात पुन्हा फाटेपर्यंत सोड्याने घासत बसली.

भेटीच्या दिवशी तिने गजाआडच्या दादाला सांगितलं. नाव घेतलं नाही. "तो आहे, दादा. खातो, लोळतो. तुझं सगळं ऐकतो आणि कूस बदलतो."

"ऐकतो?" दादाचे डोळे भरून आले.

"कूस बदलतो म्हटलं मी."

"पण ऐकतो ना." दादा हसत होता, नाकातलं पाणी ओठांवर आलं तरी त्याला भान नव्हतं. त्या हसण्याची तिला शिसारी आली. सख्ख्या भावाची शिसारी आली म्हणून मग स्वतःचीही आली. ती उठून चालू लागली.

परतल्यावर ती मुकादमबाईला म्हणाली, "मला संडास द्या धुवायला. ती खोली नको."

"वेडी का तू? त्या खोलीसाठी बायका माझ्या पाया पडतात."

"पडू द्या," धाकटी म्हणाली आणि तिने खराटा उचलला.